बोअरच्या पाण्यानं गाडी धुताय? शाम्पू अन् वॅक्स घेण्याआधी हे वाचा

लातूर/नांदेड : काळी, निळी किंवा लाल गाडी बोअरच्या पाण्यानं धुतली आणि तशीच उन्हात सोडली, की थोड्या वेळात बॉनेटवर पांढरे गोल डाग उठतात. ओलं कापड मारलं की डाग पुसट होतात, वाळलं की परत वर येतात. मालकाला वाटतं शाम्पूच खराब निघाला. मग तालुक्याला जाऊन महागाची बाटली आणली जाते, आणि तिनंही तेच होतं. दोष बाटलीचा नसतो, पाण्याचा असतो. पांढऱ्या गाडीवर हे डाग दिसत नाहीत एवढंच, पडतात तिच्यावरही.

आता खेड्यात दारोदार गाड्या आहेत. जुनी बोलेरो, हप्त्यावर घेतलेली स्विफ्ट, भाड्यानं चालणारा छोटा हत्ती, ट्रॅक्टर, शिवाय घरटी एक मोटारसायकल. गाडी विकायला काढली की गिऱ्हाईक इंजिनाचा आवाज नंतर ऐकतं, आधी रंगावरून हात फिरवतं. रंग गेलेली गाडी कमी पैशात जाते हे एजंटांना चांगलं माहीत असतं. म्हणून गाडी धुणं हा नुसता हौसेचा विषय राहिलेला नाही. पण आपल्या भागात पाणी कसलं आहे आणि किती आहे, हे धरूनच त्याचा विचार करावा लागतो.

आधी पाणी बघा

मराठवाड्याचा बराचसा भाग काळ्या पाषाणावर आहे. खडकातून झिरपत बोअरमध्ये उतरलेल्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार विरघळलेले असतात. याला आपण जड पाणी म्हणतो, शाळेच्या पुस्तकात दुष्फेन. ओळख सोपी आहे. साबणाला फेस येत नाही, बंबात पांढरा थर धरतो, नळाच्या तोटीला खपली येते. पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक (आयएस 10500, सन 2012) एकूण हार्डनेस लिटरला 200 मिलिग्रॅमपर्यंत असावा असं सांगतं, आणि दुसरं पाणीच नसेल तर 600 पर्यंत चालवून घेतं. गावच्या पाण्याचा तपासणी अहवाल ग्रामपंचायतीत असतो. त्यात हा आकडा बघून घ्या. 600 च्या आसपासचं पाणी गाडीवर वाळलं तर डाग पडणारच.

उन्हात पाणी पटकन उडून जातं आणि क्षार तिथंच बसतात. ते दोन-चार वेळा तापले की रंगावरच्या पारदर्शक थराला धरतात. या थराला क्लिअर कोट म्हणतात. त्याची जाडी साधारण 40 ते 50 मायक्रॉन, म्हणजे डोक्याच्या केसाहूनही कमी. गाडीची सगळी चमक त्या एवढ्याशा थरात असते. तो एकदा गेला की धुऊन परत येत नाही.

यावर उपाय काय? सकाळी ऊन चढायच्या आत किंवा दिवस मावळताना, सावलीत धुवा. बॉनेटला हात लावून बघा, गरम असेल तर थांबा. एकेक भाग धुऊन लगेच पुसा, पाणी अंगावर वाळू देऊ नका. पावसाळ्यात पत्र्यावरचं पाणी ड्रममध्ये धरता आलं तर शेवटचा हात त्याच पाण्याचा मारा. पावसाच्या पाण्यात क्षार जवळजवळ नसतात. घरात एसी असेल तर त्याच्या नळीतून टपकणारं पाणीही शेवटच्या पुसण्याला चांगलं.

इथं एक चूक बरेच जण करतात. गावात जारच्या पाण्याचे प्लांट झालेत, तिथं वाया जाणारं पाणी फुकट मिळतं म्हणून गाड्या त्याच पाण्यानं धुतल्या जातात. पण आरओ मशीन क्षार काढून टाकते म्हणजे ते क्षार त्या वाया जाणाऱ्या पाण्यातच जातात. ते पाणी बोअरपेक्षाही जड असतं. चाकाचा चिखल, ट्रॉली, गोठ्याची फरशी धुवायला ते वापरा. रंगावर शेवटचा हात त्याचा नको.

डाग पडलेच असतील आणि ताजे असतील तर पांढरं व्हिनेगर आणि तेवढंच पाणी एकत्र करून कापडावर घ्या, डागावर मिनिटभर धरा आणि लगेच भरपूर पाण्यानं धुऊन टाका. उन्हात करू नका, व्हिनेगर वाळू देऊ नका. त्यानं तिथलं वॅक्सही निघतं, म्हणून नंतर परत लावावं लागतं. जुने, रुतलेले डाग यानं जात नाहीत.

पाणी किती लागतं

12 एप्रिल 2016 ला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे लातूरला आली. 10 वाघिणी, सुमारे 5 लाख लिटर पाणी. त्याआधी मार्चमध्ये शहरातल्या पाणी भरायच्या जागांभोवती जमावबंदी लावावी लागली होती. त्या उन्हाळ्यात घागरीसाठी रांगेत उभं राहिलेल्या माणसासमोर पाइप सोडून गाडी धुणं आजही बरं दिसत नाही, आणि तशी गरजही नाही. मोटार लावून पाइप मिनिटाला 15 लिटर पाणी टाकत असेल तर पाव तासात सव्वादोनशे लिटर होतात. म्हणजे एक भरलेलं बॅरल, वर थोडं जास्तच. बादलीनं तीच गाडी 40-50 लिटरमध्ये निघते.

पद्धत अशी. दोन बादल्या घ्या. एकीत शाम्पूचं पाणी, दुसरीत साधं. आधी तांब्यानं किंवा झारीनं वरून पाणी सोडून माती सैल करा. चाकाच्या वरच्या खोबणीत काळी माती गच्च बसलेली असते, ती आधी बोटानं किंवा लाकडी काडीनं काढा, खुरपं लावू नका. मग कापड शाम्पूच्या पाण्यात बुडवून टपापासून खाली या. दरवाज्याचा खालचा भाग आणि चाकं सगळ्यात शेवटी, आणि त्याला वेगळं कापड. प्रत्येक भाग झाला की कापड साध्या पाण्याच्या बादलीत खळबळा, पिळा, मगच परत शाम्पूत घाला. दुसऱ्या बादलीचा तळ बघितला की समजेल, ती सगळी रेती एरवी परत गाडीवर घासली गेली असती. उन्हात तिरकं बघितल्यावर रंगावर कोळ्याच्या जाळ्यासारखे गोल ओरखडे दिसतात, ते बहुतेक वेळा असेच पडलेले असतात.

कोरड्या कापडानं धूळ झटकणं तर त्याहून वाईट. मुरमाच्या रस्त्याची धूळ म्हणजे बारीक दगडच. ऊस गाळपाच्या दिवसांत कारखान्याच्या पट्ट्यात गाडीवर चिमणीची काळी राख बसते, ती तर कोरड्या कापडानं चोळली की काळे फराटे ओढते. तिच्यावर आधी पाणी सोडा, मग कापड.

रिन्सलेस वॉश नावाचं एक द्रव्य आता ऑनलाइन मिळतं. बादलीभर पाण्यात थोडं टाकायचं, त्यात भिजवलेल्या कापडानं पुसायचं आणि वाळवायचं, परत धुवायची गरज नाही. उन्हाळ्यात टँकरच्या गावाला हे खरंच कामाचं आहे, पण गाडीवर फक्त धूळ असेल तेव्हाच. चिखलानं माखलेल्या गाडीला ते नको. बिनपाण्याचा स्प्रे म्हणून जे विकतात ते डांबरी रस्त्यावर फिरणाऱ्या शहरी गाडीला ठीक. आपल्या रस्त्यांची माती त्यानं नुसती घासली जाते.

दुकानात काय घ्यायचं, काय नको

सुरुवातीला तीनच वस्तू पुरेत. कार शाम्पूची एक बाटली, मायक्रोफायबरची तीन-चार कापडं आणि वॅक्सचा एक डबा. बाकीचा काउंटरवरचा झगमगाट नंतर बघता येईल.

शाम्पूच्या बाटलीवर पीएच न्यूट्रल लिहिलेलं बघा. कपड्याची पावडर आणि भांड्याचा साबण तेल-तूप काढायला बनवलेला असतो, तो गाडीवरचं वॅक्सही काढतो. कपड्याच्या पावडरीत सोडा असतो, त्यानं रबर आणि काळं प्लास्टिक फिकं पडत जातं. एकदा धुतल्यानं गाडी बिघडत नाही, पण वॅक्सला पैसे घालून दर आठवड्याला पावडरीनं धुणं म्हणजे एका हातानं द्यायचं आणि दुसऱ्यानं काढून घ्यायचं.

शाम्पू टोपणानं मोजून घाला. जड पाण्यात फेस कमीच येतो, म्हणून माणूस आणखी ओततो, आणि मग तो जास्तीचा शाम्पू निघता निघत नाही. फेसावर जाऊ नका. कापड रंगावरून घसरतंय का, एवढं बघा. भाव बघतानाही बाटलीची किंमत बघण्यापेक्षा ती किती बादल्यांना पुरेल हे काढा. बादलीला 20 मिली लागत असेल तर अर्ध्या लिटरच्या बाटलीत 25 धुणी होतात. कधी कधी स्वस्त दिसणारी पातळ बाटली हिशेबात महाग पडते.

वॅक्स आणि पॉलिश यात मात्र लोक हमखास फसतात. दुकानदार दोन्हीला पॉलिशच म्हणतो. वॅक्स म्हणजे रंगावर बसणारा मेणाचा थर. चांगल्या वॅक्समध्ये कार्नोबा मेण असतं, ते ब्राझीलमधल्या एका ताडाच्या जातीच्या झाडाच्या पानावरून काढतात. सिंथेटिक सीलंट हे त्याच कामाचं, पण रसायनातून बनवलेलं. चमक थोडी कमी, टिकतं जास्त. दिवसभर उन्हात उभ्या राहणाऱ्या गाडीला सीलंटच परवडतं. रबिंग कंपाउंड हा तिसराच प्रकार. त्यात बारीक खर असते, ती वरचा थर घासून काढते. गाडी लगेच चमकते म्हणून गडी खूश होतो, पण दर दिवाळीला कंपाउंड मारलं तर तो केसाएवढा थर संपतो आणि मग पांढरे चट्टे पडतात. जुन्या, मरगळलेल्या गाडीला एकदा कंपाउंड आणि त्यावर वॅक्स, एवढं ठीक. डब्यावर कंपाउंड किंवा रबिंग असं लिहिलंय का ते वाचूनच पैसे द्या.

पाकीटबंद मालावर बनवणाऱ्याचं, पॅक करणाऱ्याचं किंवा आयात करणाऱ्याचं नाव-पत्ता, वजन किंवा माप, महिना-वर्ष, सर्व करांसह किंमत आणि तक्रारीचा संपर्क छापलेला पाहिजे, असा 2011 च्या वैधमापन नियमांचा दंडक आहे. थ्रीएम, टर्टल वॅक्स अशा नावाजलेल्या कंपन्यांच्या बाटल्याही या खुणा बघूनच घ्या. कॅनमधून सुट्टा शाम्पू भरून देतात तिथं यातलं काहीच नसतं. पावती घ्या. फसवणूक झाली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर 1915 आहे.

डॅशबोर्डचं सिलिकॉनचं पॉलिश स्टिअरिंगवर, पेडलवर आणि मोटारसायकलच्या सीटवर मारू नका, घसरतं. टायरला चमक आणायचं द्रव्य फक्त बाजूला, जमिनीला टेकणाऱ्या नक्षीवर नाही. मोटारसायकलच्या डिस्कवर यातलं काहीही उडालं तर ब्रेक लागत नाही.

वॅक्स लावायचं कसं

गाडी धुऊन पूर्ण वाळलेली पाहिजे. सावली पाहिजे, वारा नसलेला बरा, नाहीतर धूळ चिकटते. स्पंजावर बोटाच्या पेराएवढं वॅक्स घ्या आणि एका वेळी एकच भाग करा, अर्धं बॉनेट किंवा एक दार. थर पातळ. जाड लावल्यानं जास्त टिकत नाही, फक्त पुसताना हात दुखतात. पाच-दहा मिनिटांत धुरकट झालं की बोट फिरवून बघा. बोटाखाली स्वच्छ रंग दिसला तर कोऱ्या मायक्रोफायबरनं पुसून घ्या. काळ्या बंपरला, रबराला लागू देऊ नका, पांढरं धरतं. लागलंच तर जुन्या दात घासायच्या ब्रशनं शाम्पूच्या पाण्यात घासा. मॅट रंगाच्या गाडीला साधं वॅक्स लावूच नये.

कापड जमिनीवर पडलं तर ते त्या दिवसापुरतं बाद. उचलून, झटकून परत रंगावर फिरवलं तर आधी केलेली सगळी मेहनत वाया.

आपल्या उन्हात कार्नोबा दोन-अडीच महिने धरतो असं समजून चाला. पाणी टाकून बघा. थेंब मोत्यासारखे उभे राहिले तर वॅक्स आहे, पाणी पसरून बसलं तर गेलं. वर्षाचं एकच करायचं असेल तर मार्चमध्ये, उन्हाळा लागायच्या आत करा. दोनदा जमलं तर दुसरं दसऱ्याच्या आठ दिवस आधी.

दसऱ्याचं कारण सगळ्यांना माहीत आहे. बॉनेटवर ओल्या कुंकवाचं स्वस्तिक, हळदीची बोटं, झेंडूचा हार. पूजा झालीच पाहिजे, पण हळद-कुंकू दिवाळीपर्यंत तसंच ठेवलं तर पांढऱ्या गाडीवर लाल छटा कायमची राहते. बाजारातल्या बऱ्याच कुंकवात रासायनिक रंग असतो. वॅक्स आधी लावलेलं असेल तर दुसऱ्या दिवशी शाम्पूच्या पाण्यानं सहज निघतं. स्वस्तिक काचेच्या कोपऱ्यावर काढलं तर तो प्रश्नच येत नाही. हार सुतळीनं बांधून गाडी पळवली की सुतळी वाऱ्यानं आपटून रंगाला घासते, म्हणून गावात मिरवून झालं की काढून घ्या. नारळाचं पाणी उडालं असेल तर त्याच दिवशी धुवा, गोड असतं, त्यावर धूळ आणि मुंग्या दोन्ही येतात.

खताची पोती गाडीतून आणली असतील तर त्याच दिवशी डिक्की झाडून ओल्या कापडानं पुसा. युरिया आणि इतर खतं हवेतला ओलावा ओढतात आणि पत्रा गंजवतात. कुठलंही वॅक्स आतून आलेल्या गंजाला थांबवत नाही. वॉशिंग सेंटरवर खालून डिझेल मारून देतात, तेही नको म्हणा. डिझेलनं खालची रबरं फुगतात, धूळ जास्त चिकटते आणि ते पाणी वाहत शेवटी नाल्यात जातं.

गाडी नदीत, तळ्यात, बंधाऱ्यात घालून धुणं अजून बंद झालेलं नाही. गोदावरी असो की मांजरा, त्याच पाण्यावर खाली कुणाची तरी जनावरं येतात, कुणाची तरी पाणीयोजना असते. 1974 च्या जल प्रदूषण कायद्यानंही ओढ्या-नद्यांत अशी घाण सोडायला मनाई आहे. घरीही धुण्याची जागा विहिरीपासून आणि बोअरच्या केसिंगपासून लांब, उताराला ठेवा. ऑइल मिसळलेलं पाणी भाजीच्या वाफ्यात सोडू नका.

ठेवायचं कुठं

चूक इथंच होते आणि ती रंगापेक्षा फार महाग पडू शकते. शेतकऱ्याच्या घरात शाम्पूची बाटली बहुतेक वेळा फवारणीच्या औषधाच्या शेजारी, एकाच फळीवर असते. सारख्या आकाराच्या बाटल्या, लेबल निघालेली, हात ओले. आणि फवारणीच्या पाठीवरच्या पंपानंच गाडीवर फेस मारायची आयडिया तर आता मोबाइलच्या व्हिडिओंमुळं सर्रास झाली आहे. पंप कितीही खळबळला तरी नळीत, नोझलमध्ये औषध राहतं. ते दाराच्या कडीवर, स्टिअरिंगवर, लेकराच्या हाताला लागतं. 2017 साली शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं शेतकरी दगावले, ते आपल्याकडं कुणी विसरलेलं नाही. उलट बाजूनंही तोटा आहे. टू-फोर-डीसारखं तणनाशक मारलेला पंप नीट न धुता कापसावर वापरला तर थोड्याशा अंशानंही पानं आकसतात, हे कापूसवाल्यांनी पाहिलेलं असतं. गाडीसाठी दोन लिटरचा वेगळा हातपंप घ्या, त्यावर रंगानं गाडी असं लिहा आणि तो औषधाच्या खोलीत नेऊच नका.

शाम्पू, वॅक्स आपापल्या मूळ बाटलीतच राहू द्या. कोल्ड्रिंकच्या बाटलीत तर अजिबात भरू नका, निळा-गुलाबी शाम्पू त्यात सरबतासारखाच दिसतो. जागा उंचावर, सावलीत, भिंतीकडं. पत्र्याच्या शेडमध्ये थेट पत्र्याखाली नको. एप्रिल-मेमध्ये बंद गाडीच्या आत 60 अंशांच्या वर जातं, आणि स्प्रेच्या डब्यावर 50 अंशांपेक्षा जास्त तापू देऊ नका असं छापलेलं असतं. म्हणजे तो डबा डॅशबोर्डवर किंवा मागच्या काचेजवळ ठेवायची वस्तू नाही, फुटतो. चुलीजवळ, गॅसजवळही नको, वॅक्समधली काही द्रव्यं पेट घेतात. डब्याचं झाकण घट्ट लावा, नाहीतर वॅक्स वाळून दगड होतं. द्रव वेगळं झालेलं दिसलं तर हलवून बघा, एकजीव झालं तर चालेल, गुठळ्या राहिल्या तर टाकून द्या. मायक्रोफायबरची कापडं वेगळी धुवा, सुती कपड्यांचे तंतू त्यांना चिकटतात. त्यांना फॅब्रिक कंडिशनर घालू नका आणि वाळली की पिशवीत बांधून ठेवा.

डोळ्यात उडालं तर पापणी उघडी धरून स्वच्छ पाण्यानं पंधरा-वीस मिनिटं धुवा. पोरानं काही प्यालं असेल तर मीठपाणी पाजून उलटी करवू नका. रॉकेलसारखं पातळ द्रव्य असेल तर उलटी होताना ते फुफ्फुसात जातं आणि जिवावर बेततं. 108 ला फोन करा आणि बाटली लेबलासकट दवाखान्यात सोबत न्या. डॉक्टर पहिल्यांदा तीच मागतात.